पोत्याचे कापड आणि गोधडी

पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबाद जिल्हा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्याचे किनवट व राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात आले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. सीमा हलल्या, तरी नदीच्या दोन्ही तीरांवरील मराठी घरांतली गोधडी तीच राहिली. हा मुलूख कापसाचा, आणि तितकाच कडक थंडीचा. तेथे गोधडी ही हौस नव्हती, गरज होती.

गोधडीला वर जुने लुगडे, मध्ये फाटक्या कपड्यांचे थर आणि खाली अस्तर असते. धावदोऱ्याने हे थर एकजीव होतात. अस्तराला मैद्याची सुती पिशवी फार सोयीची. तिची शिवण साखळीटाक्याची असते. योग्य टोक हाती लागले की दोरा सरसर निघून येतो आणि सलग कापड मोकळे होते. तागाचे गोणपाट मात्र खरखरीत. ते अंथरुणाखालीच शोभते.

अमेरिकेतील शेतकरी स्त्रियांनीही हेच केले. पीठ व पशुखाद्य यांच्या सुती पोत्यांतून त्यांनी कपडे व रजया शिवल्या. हे पाहून १९२० नंतरच्या दशकात गिरण्यांनी पोत्यांवर फुलांची नक्षी छापण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त कागदी पिशव्या आल्या आणि ती पोती मागे पडली. आज संग्राहक ती मोठ्या आवडीने शोधतात. उसवलेल्या शिवणीच्या जागी राहिलेली छिद्रांची ओळ ही त्यांची एक खूण होय.

आपल्याकडेही प्लास्टिकच्या विणीची पोती आली आणि लुगड्यांच्या जागी कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. असे कापड सुईखाली निसटते, घामही टिपत नाही. म्हणून जुने सुती कापड दिसेल तेथे जपून ठेवावे.

ते निवडताना प्रथम उजेडासमोर धरावे. विरलेला भाग लगेच दिसतो. दोन्ही हातांनी हलकेच ताणावे. फाटण्याचा आवाज आला, तर ते वरच्या थराला निरुपयोगी, आतल्या थराला चालेल. रंग जातो की नाही, हे ओल्या पांढऱ्या चिंधीने कोपरा पुसून पाहावे. मग थंड पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे. दमट जागी ठेवू नये आणि घडी अधूनमधून बदलावी, नाहीतर कापड घडीवरच चिरते.

एक विचार मात्र कात्री उचलण्यापूर्वीच करावा. गिरणीचे नाव किंवा छाप शाबूत असलेली पिशवी कापली की तिची ओळख कायमची जाते. अशी एखादी अखंड ठेवावी. साध्या पिशव्या शिवणीस घ्याव्यात. तसेच, कुणा वृद्धेची गोधडी चिंध्यांच्या भावाने विकत घेऊ नये. तिच्या वरच्या थरात कुणाचे लग्नातले लुगडे असते, आतल्या थरात लेकराचे अंगडे असते. हे सांगणारी एकटी तीच असते. तिच्या श्रमाचे योग्य मोल द्यावे, आणि ती सांगेल ते एका चिठ्ठीवर लिहून गोधडीसोबत ठेवावे. कापड धुऊन, सांधून पुष्कळ वर्षे टिकते. न लिहिलेली आठवण मात्र सांगणाऱ्याबरोबरच जाते.