आधी कान, मग व्याकरण

सोलापूर-पुणे महामार्गावरच्या चिंचोळी एमआयडीसीत पाळी सुटली की एकाच घोळक्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी ऐकू येतात. आता त्यांत उत्तरेकडची हिंदीही मिसळली आहे. यातली दुसरी-तिसरी भाषा बहुतेकांनी पुस्तकातून घेतलेली नाही. ही रीत एमआयडीसीपेक्षा फार जुनी. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली, तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबं येत राहिली, आणि मागावर, विडी कारखान्यात, भजनात, लग्नाच्या गाण्यांत या भाषा एकमेकींच्या ओळखीच्या झाल्या. त्याआधी पेशवाईच्या उत्तरकाळात याच शहराचा शाहीर राम जोशी मराठी लावणीत संस्कृत आणि कानडी गुंफत होता. समोरच्या श्रोत्याचे कान तयार असल्याशिवाय कोणी असं रचत नाही. म्हणून फ्रेंचसारखी लांबची भाषा शिकू पाहणाऱ्या इथल्या मुलामुलींनीही सुरुवात गाण्यातून आणि रोजच्या व्यवहारातून करावी, व्याकरणाला त्यामागून यायला सांगावं, असं मला ठामपणे वाटतं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: कानडी-तेलुगू शेजारी होत्या, फ्रेंच सात समुद्रांपार आहे. खरं आहे. पण अंतरापेक्षा रोजची गरज मोठी ठरते, याचा दाखला सोलापूरनेच दिला. १९१० मध्ये इथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जखमी सैनिकांना कुठे दुखतं हे विचारल्यावाचून त्यांचं कामच अडणार होतं. ते चिनी बोलू लागले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले. १९४२ च्या डिसेंबरात ते गेले. म्हणजे हे सगळं जेमतेम चार वर्षांत घडलं. चिंचोळीत फ्रेंच बोलणारा गाव उभा करता येणार नाही, पण तिच्यासाठी दिवसातला थोडा व्यवहार राखून ठेवता येतो. तयार नग मोजण्याचंच घ्या. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’, नव्वद म्हणजे ‘चार-वीस-दहा’. इंग्रजीतून शिकणारा इथे हमखास अडखळतो. ज्याच्या घरात आजीने ‘चार विसा’ असा हिशेब केला आहे, त्याला यात परकं काही नाही. तू आणि तुम्ही यांतला फरकही आपल्याला शिकवावा लागत नाही. ‘त्यु’ मित्राला, ‘व्हू’ साहेबांना, हे मराठी माणसाच्या जिभेवर आधीच आहे. इंग्रजीच्या आडवाटेने फ्रेंचकडे जाताना हा ठेवा आपण वाया घालवतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गाण्यातली भाषा बोलण्यातली नसते. ‘फ्रेर झाक’ हे बालगीत पाहा. हे नाव बोलताना दोन अक्षरांत संपतं. गाताना चार सुरांवर चार अक्षरं होतात, कारण एरवी गिळला जाणारा शेवटचा स्वर गाण्यात उच्चारला जातो. नुसतं ऐकून शिकणारा दुकानातही तसंच बोलेल, ही भीती रास्त आहे. पण आपण बोलताना ‘देव’ शब्दातला ‘व’ तोडतो आणि अभंगात तोच शब्द मोकळा, लांबवून म्हणतो. म्हणून बाजारात कोणी अभंगाच्या उच्चारात भाजी मागत नाही. दोन्ही ठिकाणचं ऐकलं की कान फरक आपोआप धरतो. तेव्हा गाण्याच्या जोडीला बोललेली फ्रेंच हवीच. ‘आरएफआय’ या फ्रेंच नभोवाणीचं सोप्या भाषेतलं दहा मिनिटांचं बातमीपत्र कंपनीच्या बसमध्ये सहज ऐकून होतं. शिवाय गाण्याचा उपयोग केवळ भावनेपुरता नाही. एडिंबरोतल्या संशोधकांनी ६० प्रौढांना पंधरा मिनिटं हंगेरियन वाक्यं शिकवली: काहींना बोलून, काहींना तालात, काहींना गाऊन. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात ती वाक्यं पुन्हा म्हणून दाखवण्यात गाणारे पुढे होते. प्रयोग लहान होता, त्यावरून वर्षभराच्या अभ्यासाचं भाकीत करू नये. पण पहिल्या पंधरा मिनिटांबद्दल तो नक्की काही सांगतो.

उरला प्रमाणपत्राचा मुद्दा. नोकरी देणारा कागद मागतो, गाणं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मन वर्गांची चर्चा वाढली आणि भाषा म्हणजे परीक्षा हे समीकरण आणखी घट्ट झालं. पण फ्रेंचच्या ‘डेल्फ’ परीक्षेत शंभरपैकी पंचवीस गुण ऐकण्याला, पंचवीस बोलण्याला आहेत; वाचन आणि लेखन मिळून उरलेले पन्नास. क्रियापदांचे तक्ते पाठ करून कान कोरा ठेवणारा विद्यार्थी निम्म्या परीक्षेला तयारीशिवाय बसतो. लेखनासाठी तक्ते लागतीलच, लिंगं आणि काळ घोटावे लागतील. मात्र आर्टिकलसकट कानात बसलेला शब्द आपलं लिंग सोबतच घेऊन येतो, आणि पुढे तक्ता समोर आला की त्यातली निम्मी घरं ओळखीची निघतात.