घरातील मनी प्लांटची लागवड व निगा

ग्रामपंचायतीच्या कचेरीत, दूध संस्थेच्या टेबलावर, शाळेच्या खिडकीत, आणि अलीकडे पुष्कळ शेतकऱ्यांच्या ओटीवरही काचेच्या रिकाम्या बाटलीत खोवलेली एक हिरवी-पिवळी वेल हमखास आढळते. मनी प्लांट या नावाने ती ओळखली जाते. शेतीच्या दृष्टीने ती निरुपयोगीच म्हणावयाची. तिला फळ नाही, आणि चारा म्हणूनही ती चालत नाही. तथापि घरात चार हिरवी पाने असावीत ही हौस सर्वांनाच असते, आणि ती भागविण्यास इतकी सोशिक वनस्पती क्वचितच मिळते. असे असूनही कित्येक घरी ती वर्षभरही टिकत नाही. कित्येक घरी ती टिकते, पण तिची बाटली डासांचे माहेर होऊन बसते. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे पाणी देण्याची रीत.

पान हृदयाच्या आकाराचे असल्यामुळे ही वेल नागवेलीची बहीण असावी असे अनेकांना वाटते. वस्तुतः नागवेल मिरीच्या कुळातील आहे, आणि ही वेल अळू व सुरण यांच्या कुळातील. तिचे मूळ स्थान पॅसिफिक महासागरातील सोसायटी द्वीपसमूहातील मूरेआ हे बेट होय. १८८० साली शास्त्रज्ञांनी तिला पोथॉस वंशात घातले, म्हणून रोपवाटिकांतून पोथॉस हे नाव अद्याप चालते. १९६४ पासून मात्र एपिप्रेमनम ऑरियम हे तिचे शास्त्रीय नाव रूढ आहे.

या वेलीस फूल जवळजवळ येतच नाही. लागवडीतील वेलीस आपोआप फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ सालची आहे. फुलोऱ्यास आवश्यक असलेले जिबरेलिन हे संजीवक तिच्या अंगी पुरेसे तयार होत नाही, कारण ते घडविणारे एक जनुक तिच्यात निकामी आहे, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. फूल नाही तेथे बी कोठून येणार? म्हणून मनी प्लांटचे बी असे सांगून कोणी पुडी विकावयास आणल्यास ती घेऊ नये. घरोघरी दिसणाऱ्या वेली छाटांपासूनच वाढविलेल्या असतात.

छाट कशी घ्यावी

ज्यांनी पानमळ्यात काम केले आहे त्यांना हे निराळे शिकविण्याची गरज नाही. पानवेलीचे बेणे निवडताना जसे डोळे पाहतात, तसेच येथे पेर पाहावे. वेलीवर जेथे पानाचा देठ चिकटलेला असतो तेथे पेर असते, आणि त्याच ठिकाणी तपकिरी रंगाचा एक लहानसा उंचवटा दिसतो. ते हवेतील मूळ होय. ओलावा मिळताच ते लांबू लागते. पेराच्या खाली एक-दोन सेंटिमीटर अंतरावर धारदार व स्वच्छ चाकूने कापावे. छाटेवर दोन ते तीन पेरे असावीत, आणि सर्वांत खालचे पान काढून टाकावे. नुसते पान देठासह तोडून पाण्यात ठेवल्यास ते कित्येक आठवडे हिरवे राहते, क्वचित त्याला मुळेही फुटतात, परंतु पेरावरील डोळा नसल्यामुळे त्यातून वेल कधीही निघत नाही. वेल लागत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांनी असे बिनपेराचे पान लावलेले असते.

मनी प्लांट चोरून आणला तरच लाभतो, असा एक समज सर्वत्र पसरला आहे. लाभाचा प्रश्न बाजूस ठेवला तरी चोरीत घाई असते, आणि घाईत हाती पानच येते, पेर येत नाही. शेजाऱ्याकडे मागून, नीट पाहून कापलेली छाट केव्हाही बरी. शेंडा कापल्याने शेजाऱ्याच्या वेलीस खालून नवे फुटवे येतात, तेव्हा त्याचेही नुकसान होत नाही.

छाट लावण्यास पावसाळ्याचा आरंभ उत्तम. उबदार दिवसांत दोन ते चार आठवड्यांत मुळे धरतात, थंडीत याहून अधिक वेळ लागतो. एका कुंडीत एकच छाट न लावता तीन-चार लावाव्यात, म्हणजे कुंडी भरलेली दिसते.

माती आणि पाणी

कुंडी मातीची असल्यास सर्वांत चांगले, कारण तिच्या अंगातून ओल उडून जाते. तेलाचा रिकामा डबाही चालेल, मात्र त्याच्या बुडास खिळ्याने चार-पाच छिद्रे पाडलीच पाहिजेत. छिद्रावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवावा. बुडाशी खडी-विटांचा जाड थर घालण्याची जुनी चाल आहे. त्या थराने निचरा सुधारत नाही. पाणी थराच्या वरच्या मातीतच अडून राहते आणि मुळांची जागा तेवढी कमी होते.

काळी कसदार माती पिकाला कितीही चांगली असली तरी कुंडीत ती घालू नये. ओली असताना ती चिकट गोळा होते आणि सुकल्यावर भेगाळते. पोयट्याची माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि जाड वाळू एक भाग, हे मिश्रण योग्य. कोकणात नारळाच्या काथ्याचा भुसा सहज मिळतो, तो वाळूबरोबर थोडा मिसळल्यास माती हलकी राहते.

आता पाण्याविषयी. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना त्याच तांब्यातील उरलेले पाणी मनी प्लांटच्या कुंडीत ओतण्याची सवय अनेक घरी असते. वेल मरते ती बहुधा या प्रेमामुळे. तुळस अंगणात उन्हात असते, तिचे पाणी लवकर उडते. घरातील कुंडीस ऊन नाही, वारा नाही. कालची ओल आज तशीच असते. मातीतील पोकळ्या पाण्याने भरून गेल्या म्हणजे मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, आणि मग कुजविणाऱ्या बुरशी त्यांत शिरतात. मुळे कुजली की ती पाणी वर चढवू शकत नाहीत, म्हणून पाने मलूल होऊन पिवळी पडतात. घरच्या माणसास वाटते की वेल तहानली, आणि तो आणखी एक तांब्या ओततो. पाण्यात उभी असलेली वेल अशा रीतीने तहानेने मरते.

यास्तव वार ठरवून पाणी घालू नये, माती पाहून घालावे. बोट सुमारे तीन सेंटिमीटर मातीत खुपसावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कोरडे लागले तर बुडाच्या छिद्रातून पाणी निघेपर्यंत घालावे आणि खालच्या ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. विदर्भातील उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी लागू शकते, कोकणातील पावसाळ्यात पंधरा दिवसही लागणार नाही. कुंडी उचलून पाहण्याची सवय लागली म्हणजे केवळ वजनावरून अंदाज येतो. पाने नुसती लोंबलेली असून माती कोरडी असेल तर काळजी नाही, पाणी दिल्यावर काही तासांत ती ताठ होतात. माती ओली असून पाने लोंबली असतील आणि बुंधा मऊ व काळा पडला असेल, तर ती कुंडी वाचविण्याच्या खटपटीत न पडता निरोगी शेंड्यांच्या छाटा घ्याव्यात व नव्या मातीत लावाव्यात.

बाटलीतील वेलीची गोष्ट निराळी. पाण्यातच फुटलेली मुळे पाण्यास सरावलेली असतात आणि तेथे ती वर्षानुवर्षे जगतात. धोका वेलीला नाही, घरातील माणसांना आहे. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा एडीस जातीचा डास गटारापेक्षा अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या काठी अंडी घालतो. उबदार हवेत अंड्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. शिवाय ही अंडी पाण्यात तरंगत नाहीत, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याच्या आतील अंगास चिकटून बसतात, आणि कोरडी राहूनही काही महिने जिवंत राहतात. म्हणून जुने पाणी ओतून नवे भरले एवढ्याने काम होत नाही. आठवड्यातून एकदा, गावात कोरडा दिवस पाळतात त्याच दिवशी, वेल बाहेर काढावी, मुळे धुवावीत, बाटली आतून ब्रशने घासून काढावी आणि मगच ताजे पाणी भरावे. तोंडाशी वेलीभोवती कापसाचा बोळा घट्ट बसवावा. कुंडीखालच्या ताटलीसही हाच नियम लागू आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरभेटीत रांजण व टायर पाहतात त्याबरोबर ही बाटलीही पाहावी. सहसा ती नजरेतून सुटते, कारण ती शोभेची वस्तू असते. ज्या घरी दर आठवड्यास हे होणे शक्य नाही तेथे वेल मातीत लावणे हेच योग्य.

उजेड, खत व कीड

सावलीत जगते याचा अर्थ अंधारात वाढते असा नव्हे. माजघराच्या कोपऱ्यात ती मरणार नाही, पण पेरांतील अंतर लांबत जाते, पाने लहान होतात आणि पानांवरील पिवळे पट्टे फिके पडून सारी वेल हिरवी होते. पूर्वेची खिडकी किंवा पडवीतील उजेड तिला मानवतो. दुपारचे ऊन लागल्यास पाने करपतात. निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्यात रात्री पारा फार उतरतो. १० अंश सेल्सिअसखालची थंडी तिला सोसत नाही, तेव्हा पडवीतील कुंडी रात्री आत घ्यावी.

टांगलेल्या कुंडीतून खाली लोंबणाऱ्या वेलीची पाने लहानच राहतात. तीच वेल बागेत आंब्याच्या किंवा नारळाच्या खोडावर चढली की तिची पाने हातभर होतात व त्यांना चिरा पडतात. ही निराळी जात नव्हे.

खताची भूक थोडी आहे. ठिबकासाठी घरी आणलेले १९:१९:१९ हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही फक्त उन्हाळा व पावसाळ्यात, एवढे पुरे. मूठभर युरिया टाकल्यास मुळे जळतील.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास तो पिठ्या ढेकूण समजावा. साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या फडक्याने तो पुसून काढावा व आठवड्याने पुन्हा पाहावे. शेतात फवारण्याचे कीटकनाशक घरातील वेलीवर कोणत्याही सबबीवर वापरू नये. जेथे मुले निजतात आणि स्वयंपाक होतो तेथे एका वेलीसाठी विष शिंपडणे हा अविचार होय.

मुलांपासून, जनावरांपासून दूर

अळूच्या कुळाशी असलेले नाते येथे आठवावे. अळूच्या भाजीत चिंच का घालतात हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक घशाला टोचून खाज आणतात. तेच स्फटिक मनी प्लांटच्या पानांत व देठांत असतात. रांगणाऱ्या मुलाने पान चावल्यास तोंडात आग होते, लाळ गळते, ओठ व जीभ सुजतात. अशा वेळी तोंडातील तुकडे काढून पाण्याने तोंड धुवावे आणि थंड पाणी किंवा दूध थोडे थोडे पाजावे. ओकारी काढू नये. सूज वाढल्यास, गिळता न आल्यास किंवा श्वासास त्रास झाल्यास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. लोंबती वेल मुलाच्या हाताला व शेळीच्या तोंडाला लागणार नाही इतकी उंच बांधावी. छाटणीनंतर हात धुवावेत, कारण चिकाने काहींच्या कातडीस खाज सुटते.

घरातील हवा ही वेल शुद्ध करते असे सांगून रोपे विकली जातात. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेटीत केलेल्या प्रयोगांवरून हा समज पसरला. नांदत्या घरात पेटीसारखी बंद हवा नसते. अशा अनेक प्रयोगांचा २०१९ साली आढावा घेतला असता असे निघाले की, दारे-खिडक्यांतून सहज होते तेवढे काम रोपांकडून घ्यावयाचे तर दर चौरस मीटरला किमान दहा रोपे ठेवावी लागतील. चुलीच्या धुरावर इलाज हवा असेल तर तो धुराडे व खिडकी हाच आहे.

छाटणीनंतर उरलेले तुकडे ओढ्याकाठी, पडीक विहिरीत किंवा देवराईच्या कडेला टाकण्याची चूक करू नये. एक ओले पेरही तेथे मूळ धरते. श्रीलंका, हवाई व फ्लोरिडा येथे ही वेल बागेतून निसटून रानात शिरली आहे, झाडांवर चढून खालची जमीन झाकीत आहे, आणि आपल्याकडील ओलसर सावलीची राने तिला तितकीच मानवतील. तुकडे कडक उन्हात पत्र्यावर पसरून कुरकुरीत होईपर्यंत वाळवावेत, आणि मग ते कंपोस्टच्या खड्ड्यात घालावेत.