कॅमेरा घ्यावयाचा: जुना कीं नवा?

लग्नसराई जवळ आली, कीं परभणीच्या पुष्कळ घरांत एक प्रश्न हमखास निघतो: औंदा घरचा कॅमेरा घ्यावयाचा काय, आणि घ्यावयाचा तर कोणता? समजा, शहरांतील एका नोकरदार कुटुंबांत हाच प्रश्न निघाला आहे. धाकट्या मुलीचें लग्न ठरलें आहे. जिंतूर तालुक्यांतील गांवचा वाडा पुढील पावसाळ्यापूर्वीं उतरवावयाचा आहे. आणि ज्या आजी त्या वाड्यांत साठ-पासष्ट वर्षें नांदल्या, त्या यंदां नव्वदीस टेकल्या आहेत. या तिन्ही गोष्टी एकदांच टिपतां येतील. चित्र बिघडलें म्हणून वाडा पुन्हां उभा राहणार नाहीं. तेव्हां निवड चुकूं नये अशी त्या घरची इच्छा असल्यास नवल नाहीं.

त्यांच्यापुढें दोन यंत्रें आहेत. ओळखीचा एक छायाचित्रकार आपला कॅनन १५००-डी हा २०१८ सालीं बाजारांत आलेला कॅमेरा भिंगासह निम्म्याहून कमी किंमतींत देऊं करीत आहे. दुसरीकडे दुकानदारानें कॅनन आर-५० या २०२३ सालच्या कॅमेऱ्याचें कोरें खोकें पुढें ठेवलें आहे. कोणी विचारील, हातांतल्या मोबाइलनें हें काम होणार नाहीं काय? भर उजेडांत आणि पुन्हां मोबाइलवरच पाहावयाचें तर पुष्कळसें होईल. परंतु बहुतेक मोबाइलांतील प्रकाश टिपणारा संवेदक या दोन कॅमेऱ्यांतील संवेदकाच्या एक तृतीयांशहि नसतो, आणि वाड्याच्या माजघरांतील अंधार मोबाइलला ओळखीनें सवलत देत नाहीं.

दुकानांत गेल्याबरोबर ज्या संख्येचा जप ऐकूं येतो, ती मेगापिक्सेलची संख्या प्रथम बाजूस ठेवावी. जुन्या कॅमेऱ्यांत ती २४.१ आहे, नव्यांत २४.२. संवेदकाचा आकारहि दोहोंत एकच, सुमारें २२ मिलिमीटर लांब व १५ मिलिमीटर रुंद. म्हणजे या बाबतींत दोघे सख्खे भाऊच म्हणावयाचे. दोघांचेंहि चित्र ६००० ठिपके लांब व ४००० ठिपके रुंद निघतें. उत्तम छपाईस इंचामागें ३०० ठिपके लागतात असें धरलें, तर २० इंच लांबीची प्रत दोघेहि सारखीच काढतील. आल्बमांत चिकटवावयाच्या चार-बाय-सहा इंची प्रतीस तर १८०० बाय १२०० ठिपके, म्हणजे २ मेगापिक्सेलहून किंचित् अधिक, एवढेंच पुरतें. १९७५ सालीं कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन यांनीं जो पहिला अंकीय कॅमेरा जुळविला, त्यांत अवघे १०० बाय १०० ठिपके होते, आणि एक चित्र फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. तेथून आजवरची मजल खरोखर मोठी आहे. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत घरगुती कामापुरता ठिपक्यांचा प्रश्न सुटलेला आहे, आणि तरीहि विक्रीची भाषा तेथेंच घुटमळते.

मग फरक कोठें आहे? तो आरशांत आहे. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांत भिंगामागें तिरपा आरसा असतो. भिंगांतून आलेला उजेड तो वरच्या डोळ्याकडे फेकतो, आणि कळ दाबतांच उडून बाजूस होतो. तेव्हां कोठें उजेड संवेदकावर पडतो. वस्तु अचूक रेखीव करण्याचें काम, ज्यास सर्व लोक फोकस म्हणतात, तें करणारा भाग संवेदकापासून वेगळा, खालच्या बाजूस बसविलेला असतो. १५००-डी मध्यें त्या भागाचे नऊच बिंदु आहेत, आणि त्यांतहि मधला एक तेवढा सर्वांत भरंवशाचा. नव्या कॅमेऱ्यांत आरसा अजीबात नाहीं. उजेड सतत संवेदकावरच पडत असतो, आणि फोकसहि संवेदकच करतो. त्यामुळें जवळजवळ सगळ्या चौकटींत कोठेंहि फोकस करतां येतो. शिवाय माणसाचा डोळा, कुत्रें, मांजर, पक्षी, वाहन हे ओळखून त्यांचा पाठलाग करण्याची युक्ति यंत्रांत भरलेली आहे. जुना कॅमेरा सेकंदाला ३ चित्रें घेतो, तर नवा १२.

हा फरक कागदावरचा नव्हे. येलदरीच्या जलाशयावर पूर्णेच्या पाण्यावरून पक्षी उडतांना टिपावयाचा असेल, तर नऊ बिंदूंच्या कॅमेऱ्यानें मनुष्य हताश होतो आणि नव्यानें दहांतील कांहीं चित्रें तरी नक्की पदरांत पडतात. अंगणांत धांवणारें नातवंड हें पक्ष्याहून फारसें निराळें नाहीं. लग्नांत अक्षता पडतांना वधूच्या डोळ्यांवर फोकस राहणें, मान वळली तरी तो न सुटणें, ही सोय ज्यानें एकदां अनुभविली, तो जुन्याकडे सहसा परत जात नाहीं. चलच्चित्राचेंहि तसेंच. जुन्यांत पूर्ण एचडीपर्यंतच मजल जाते व चित्रण चालूं असतां फोकस चाचपडतो. नव्यांत ४-के आहे, आणि फोकस शांतपणें सरकतो. तेव्हां हलणारी वस्तु हें ज्यांचें मुख्य काम, त्यांच्यासाठीं या व्याख्यानाचा निकाल येथेंच लागला असें समजावें.

परंतु आजी धांवत नाहींत, आणि वाडाहि एका जागीं उभा आहे. तेथें प्रश्न गतीचा नसून उजेडाचा आहे. जिंतूर तालुक्यांतच चारठाणा येथें जुनीं दगडी देवळें आहेत. बाहेर ऊन रणरणत असतां आंतील खांबांवरचें कोरीव काम अर्धवट काळोखांत असतें. अशा ठिकाणीं काढलेल्या चित्रांत जे रवेरवे दिसतात, त्यांचा दोष सरसकट कॅमेऱ्याच्या वयावर टाकला जातो, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. प्रकाश हा कणाकणांनीं येतो, आणि पावसाच्या थेंबांप्रमाणें तो कोठें थोडा अधिक, कोठें थोडा उणा पडतो. जेथें १०० कण पडावयाचे, तेथें सुमारें १० इकडेतिकडे होतात, म्हणजे शेंकडा दहा. जेथें १०,००० पडावयाचे, तेथें सुमारें १०० इकडेतिकडे होतात, म्हणजे शेंकडा एकच. चित्र रवाळ दिसतें त्याचें बरेंचसें कारण हें आहे. नव्या संवेदकाचा स्वतःचा गोंगाट कमी असतो हें खरें, पण त्याच आकाराचा नवा संवेदक जो उजेड आलाच नाहीं तो निर्माण करूं शकत नाहीं.

उजेड वाढविण्याचे मार्ग दोनच: भिंगाचें छिद्र मोठें ठेवणें, किंवा पडदा अधिक वेळ उघडा ठेवणें. भिंगावर जो एफचा आंकडा असतो, तो जितका लहान तितकें छिद्र मोठें. कॅमेऱ्याबरोबर मिळणारें साधें भिंग पूर्ण लांबविलें असतां एफ ५.६ वर असतें; ५० मिलिमीटरचें एफ १.८ चें लहानसें स्वस्त भिंग त्याच्या नऊपटींहून अधिक उजेड आंत घेतें. नऊपट! पांच वर्षांनीं नवा असलेला कॅमेरा एवढा लाभ देत नाहीं. येथें एक गंमत आहे, ती खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली नसते. जुन्या कॅमेऱ्याबरोबर मिळणारें १८-५५ चें भिंग एफ ३.५ पासून ५.६ पर्यंतचें आहे, तर नव्याबरोबरचें १८-४५ चें भिंग एफ ४.५ पासून ६.३ पर्यंतचें. म्हणजे रुंद टोकास जुन्या संचांतील भिंगच दीडपटीहून अधिक उजेड घेतें. नवें भिंग लहान व हलकें करतांना कंपनीनें ही किंमत मोजली, आणि ती ग्राहकाकडून वसूल केली. जुन्या भिंगावर आयएस हीं अक्षरें आहेत कीं नाहींत तेंहि पाहावें. हाताची थरथर सांवरणारी व्यवस्था असल्याची ती खूण होय, आणि १८-५५ चा एक प्रकार तिच्यावांचूनहि विकला गेला आहे.

दुसरा मार्ग तिपाईचा. कॅमेरा तिपाईवर ठेवून पडदा एक-दोन सेकंद उघडा ठेवला, तर माजघरांतील कोनाडे, तुळया, देवघराची कमान हीं सर्व दोन्ही यंत्रांवर इतकीं सारखीं येतात, कीं प्रती शेजारीं ठेवल्या तर कोणती कोणाची हें सांगणें कठीण पडावें. (संरक्षित स्मारकांत तिपाई लावण्यापूर्वीं परवानगीची चौकशी करावी.) हैदराबादच्या सहाव्या निजामांच्या पदरीं असलेले राजा दीनदयाळ यांनीं कांचेच्या तावदानांवर चित्रें घेतलीं, तीं तिपाईच्या आणि उजेडाच्या जाणिवेच्या बळावरच. परभणीहि १९४८ पर्यंत त्याच राज्यांत होती.

जुन्याची एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. फोकसचा भाग संवेदकाहून वेगळा असल्यामुळें दोहोंच्या जुळणींत केसाएवढा फरक पडला, तर एफ १.८ सारख्या भिंगानें डोळ्याऐवजीं कानावर फोकस येतो, आणि हा फरक घरच्या घरीं दुरुस्त करण्याची सोय १५००-डी मध्यें नाहीं. उपाय असा कीं, आजींसारखी स्थिर व्यक्ति टिपतांना मागील पडद्यावर चित्र पाहून फोकस करावा. तो सावकाश होतो, पण संवेदकावरूनच होत असल्यानें अचूक होतो.

आतां पुढच्या दहा वर्षांचा विचार. कॅननची जुनी ईएफ बैठक १९८७ ची, नवी आरएफ बैठक २०१८ ची. निकॉननेंहि १९५९ पासून चालविलेली एफ बैठक मागें टाकून २०१८ सालीं झेड ही नवी बैठक आणली. कंपन्यांचें सारें लक्ष आतां नव्या बैठकींकडे आहे. मग जुन्या भिंगांत घातलेला पैसा बुडाला काय? नाहीं, आणि त्याचें कारण साध्या मापांत आहे. जुन्या बैठकींत भिंगाच्या टेकणीपासून संवेदकापर्यंतचें अंतर ४४ मिलिमीटर, नव्यांत २० मिलिमीटर. मधले २४ मिलिमीटर भरून काढणारें कडें बसविलें, कीं जुनें भिंग नव्या कॅमेऱ्यावर फोकससकट चालतें. उलट, नवें भिंग जुन्या कॅमेऱ्यावर कधींच चालणार नाहीं, कारण तें कॅमेऱ्याच्या पोटांत शिरवावें लागेल. म्हणून आज जुना कॅमेरा घेणाऱ्यानेंहि चांगलें भिंग घ्यावयास भिऊं नये; तें पुढच्या यंत्रास हुंड्यांत देतां येतें. फ्लॅशचें मात्र तसें नाहीं. आर-५० वर जुना फ्लॅश थेट चालत नाहीं, वेगळा जोड घ्यावा लागतो, आणि हा खर्च खरेदीच्या दिवशीं कोणी सांगत नाहीं.

आपल्या भागाच्या हवेचाहि विचार हवा. उन्हाळ्यांत पारा ४२ अंशांवर जातो आणि काळ्या रानाची धूळ दारें लावलीं तरी घरांत येते. आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचें भिंग काढतांच संवेदक उघडा पडतो. भिंग बदलतांना तोंड खालीं करावें, व वाऱ्यांत बदलूंच नये. बॅटरीच्या बाबतींत जुना सरस आहे. आरशांतून पाहावयास वीज लागत नाहीं, त्यामुळें एका भारांत सुमारें ५०० चित्रें निघतात. नव्यांत डोळ्यापुढचा चिमुकला पडदा सतत जळत असतो, म्हणून पुष्कळच कमी निघतात; लग्नास जादा बॅटरी नेलीच पाहिजे. नव्याची आवाज न करणारी पद्धति मंगलकार्यांत मोहक वाटते, परंतु कांहीं एलईडी दिव्यांखालीं तिनें चित्रावर आडवे पट्टे उमटतात, हें आधीं घरीं पाहून ठेवावें.

तेव्हां त्या कुटुंबानें काय करावें? लग्नासाठीं बहुधा व्यवसायी छायाचित्रकार ठरविलेला असणारच. घरच्यांनीं त्या दिवशीं पाहुण्यांत असावें हेंच बरें. उरल्या आजी आणि वाडा. त्यांच्यासाठीं जुना कॅमेरा, ५० मिलिमीटरचें भिंग आणि एक भक्कम तिपाई हा संच नव्या कॅमेऱ्याच्या एकट्या खोक्याहून निःसंशय अधिक देईल, आणि पैसेहि उरतील. घरांत धांवतीं मुलें असतीं, किंवा मुलगा पक्ष्यांच्या नादीं असता, तर हाच सल्ला उलटा द्यावा लागला असता.

जुना घेण्याचें ठरल्यास तो संध्याकाळीं दिव्याखालीं पाहूं नये, सकाळीं पाहावा. भिंगांतून विजेरीचा झोत आरपार टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते काय तें बघावें. पावसाळ्यांत पिशवींत कोंडलेल्या भिंगास ती लागते, आणि एकदां कांच खाल्ली कीं निघत नाहीं. छिद्र एफ १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचें एक चित्र घ्यावें. संवेदकावरचे डाग काळसर ठिपक्यांच्या रूपानें दिसतील. भिंगास झांकण लावून तीस सेकंद पडदा उघडा ठेवून दुसरें चित्र घ्यावें. त्यांत पांढरे किंवा रंगीत बिंदु फार चमकले तर किंमत उतरवून मागावी. दाराच्या चौकटीचें एक चित्र मोठें करून चारहि कोपरे सारखे रेखीव आहेत काय तें पाहावें. हीं चित्रें आपल्या स्वतःच्या कार्डावर घ्यावींत व घरीं नेऊन मोठ्या पडद्यावर बघावींत. कॅमेऱ्यामागच्या तीन इंची पडद्यावर सगळींच चित्रें सुरेख दिसतात. बॅटरी फुगलेली नाहीं ना, ती आपल्या खोबणींत अलगद बसते ना, हें हातानेंच कळतें. आणि मूळ पावतीवरचा क्रमांक व कॅमेऱ्याच्या अंगावरचा क्रमांक एकच आहे एवढें जुळवून मगच पैसे मोजावेत.