‘पडून राहा’पासून ‘चालून ये’पर्यंत

केमोचा डोस घेऊन बाई घरी आली की सगळं घर एकच सांगतं, ‘तू काही करू नकोस, पडून राहा.’ ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने तर तिला भरली बादलीही उचलू देत नाहीत. पूर्वी डॉक्टरही हेच सांगत. त्यात माया होती, पुरावा नव्हता.

तो शोधायला आधी सरसावल्या परिचारिका, याचं मला फार मोल वाटतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात मेरी मॅकव्हिकर आणि मॅरिल विनिंगहॅम यांनी १९८०च्या दशकात, स्तनांच्या कर्करोगासाठी केमो चालू असलेल्या स्त्रियांना व्यायामाच्या सायकलवर बसवलं. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४५ जणी होत्या. दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश. सायकल चालवणाऱ्यांचा दम सुमारे ४० टक्क्यांनी वाढला, तोही केमो चालू असताना! थकवा आला म्हणून पडायचं, पडून पडून स्नायू झिजायचे आणि मग जिना चढतानाही धाप लागायची. रुग्णाच्या उशाशी असणाऱ्यांना हे चक्र आधी उमगलं, यात नवल नाही.

हाताची भीती मात्र टिकून होती. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या की हात सुजू शकतो, म्हणून जोर लावायचाच नाही असा दंडक होता. १९९६ साली कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांनी, उपचार घेतलेल्या २४ जणींची आधी तयारी करून घेतली आणि त्यांच्या हाती ड्रॅगन बोटीची वल्ही दिली. एकीचाही हात नव्याने सुजला नाही. २००९ साली कॅथरिन श्मिट्झ यांच्या चाचणीत आधीच सूज असलेल्या १४१ जणी होत्या. त्यातही हळूहळू वाढवत वजनं उचलणाऱ्यांची सूज उलट कमी वेळा बळावली.

मधल्या काळात, २००७ साली, केरी कॉर्निया यांची २४२ जणींची कॅनडातली चाचणी आली. व्यायामाने थकवा ठळकपणे कमी झाला, असं तिच्यात दिसलं नाही, हे सांगायलाच हवं. पण वजनांचा व्यायाम करणाऱ्यांना ठरलेल्या केमोचा जास्त हिस्सा घेता आला. हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. २०१५च्या डच चाचणीत देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी १२ टक्के जणींच्या डोसमध्ये बदल करावा लागला, इतरांमध्ये ३४ टक्के. प्रत्येक अभ्यासात असा फरक दिसलेला नाही. तरी डोस पुढे ढकलला गेल्यावर घरावर येणारा ताण ज्यांनी पाहिलाय, त्यांना या आकड्यांचं मोल कळेल.

२०२२ साली अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, रोग बरा करण्यासाठी उपचार चालू असतानाच व्यायाम सुचवावा, असं आपल्या डॉक्टरांना सांगितलं. ताप असेल, रक्तातल्या पेशी फार उतरल्या असतील, चक्कर येत असेल, तर त्या दिवशी विश्रांतीच. एरवी तिच्या डॉक्टरांना विचारा, आणि संध्याकाळी तिच्याबरोबर तुम्हीही चपला घाला.