त्रिकोणाचे तीन कोन

त्रिकोणास तीन बाजू व तीन कोन असतात, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु हे तीन कोन हवे तसे घेता येत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सपाट कागदावरील त्रिकोण लहान असो वा मोठा, त्याच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच भरते.

या एका नियमातून पुष्कळ गोष्टी निघतात. एका कोनाने ९० अंश घेतले, की उरलेल्या दोघांना मिळून ९० च उरतात. म्हणून काटकोन त्रिकोणात दुसरा काटकोन असू शकत नाही. एका रेषेच्या दोन्ही टोकांशी काटकोन करून पाहावे. निघालेल्या रेषा समांतर जातात, कितीही वाढविल्या तरी मिळत नाहीत. विशालकोन केले, तर त्या एकमेकींपासून दूरच पळतात! तेव्हा कोणत्याही त्रिकोणात निदान दोन लघुकोन असावयाचेच.

बाजूंवरून पाहिले, तर समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो; तो काटकोन त्रिकोण कधीच होत नाही. समद्विभुजास अधिक मोकळीक असते. कंपासपेटीतील एका गुण्याचे कोन ९०, ४५ व ४५ असतात. तो समद्विभुजही आहे आणि काटकोनही. दुसऱ्याचे ९०, ६० व ३०, तो विषमभुज.

या साध्या नियमावर एका मोठ्या कार्याची उभारणी झाली. १८०२ साली मद्रासजवळ सेंट टॉमस माउंट येथे विल्यम लॅम्टन याने सुमारे साडेसात मैलांची रेषा पोलादी साखळीने काळजीपूर्वक मोजली. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरचे एक उंच ठिकाण पाहून त्याने थिओडोलाइट यंत्राने कोन घेतले. एक बाजू व तिच्या टोकांचे दोन कोन कळले, म्हणजे उरलेल्या बाजू गणिताने निघतात. तेथवर साखळी ओढण्याचे कारण उरत नाही. निघालेली बाजू पुढील त्रिकोणाचा पाया होते. यंत्र मात्र सुमारे अर्ध्या टनाचे! १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढविताना दोर तुटून ते आदळले, आणि लॅम्टनने कित्येक आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केले.

तिसरा कोन बेरजेवरून कळतोच, मग तो मोजावयाचा कशासाठी? मोजणीदार शक्यतो तिन्ही कोन मोजीत. बेरीज जुळली नाही, की निरीक्षणातील चूक उघडकीस येई. त्रिकोणही कसाही चालत नसे. समभुजाजवळ जाणारा उत्तम. एखादा कोन फार लहान असेल, तर त्यातील यत्किंचित चुकीने बाजूंची लांबी पुष्कळ बदलते.

आणखी एक अडचण होती. पृथ्वी सपाट नाही. तिच्या पाठीवरील मोठ्या त्रिकोणाची बेरीज १८० अंशांहून किंचित अधिक भरते. सुमारे २०० चौरस किलोमीटरांमागे एक सेकंद, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. तोही हिशेबात धरावा लागे.

१८२३ साली विदर्भातील हिंगणघाट येथे लॅम्टन मरण पावला. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट याने हे त्रिकोण हिमालयाच्या पायथ्याशी नेले. तेथून शंभर मैलांहून दूरच्या एका शिखराचे कोन घेण्यात आले. त्या गणितात राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा होता. १८५६ साली जाहीर झालेली उंची २९,००२ फूट होती. २०२० सालच्या मोजणीत, उपग्रहांचे साहाय्य घेऊन, ती ८,८४८.८६ मीटर, म्हणजे जेमतेम ३० फूट अधिक भरली.