सुसाट गाडीला ब्रेक लावायचा, तर डिस्क कुठल्या धातूची?

माहीमची मंडळी पालघर स्टेशनात लोकलची वाट बघत असतात, तेवढ्यात राजधानी न थांबता निघून जाते. अशी गाडी थांबवायला चाकांच्या अ‍ॅक्सलवरची डिस्क दोन्ही बाजूंनी पॅडने आवळतात. घर्षणाची उष्णता तिच्यातच शिरते. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट.

ही डिस्क बरेचदा बिडाची असते. बिडातलं ग्राफाइट उष्णता झटपट पसरवतं, शिवाय बीड स्वस्त. पण तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतलं तर काय होतं, हे घरोघरी माहीत आहे. तडा! डिस्कही सारखी तापून-निवून तडकू शकते. अ‍ॅल्युमिनियम हलकं, पण 660 अंशांना वितळतं, मऊ तर त्याआधीच पडतं.

बोईसरला थांबणाऱ्या बुलेट ट्रेनचा वेग ताशी 320 किलोमीटर ठरलाय. जपानच्या अशा गाड्यांना घडीव पोलादाच्या डिस्क असतात. तापल्या तरी त्या सहज तडकत नाहीत.