एक संगणक, दोन डिस्क

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतले संगणक बंद पाडले. सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या. बहुतेक बाधित संगणकांवर विंडोज ७ होते. सुरक्षेचे अपडेट आलेले होते, टाकलेले नव्हते.

प्रयोगशाळेतल्या जुन्या यंत्राचे सॉफ्टवेअर अनेकदा जुन्या विंडोजवरच चालते. मग यंत्रही त्याच संगणकावर आणि ई-मेलही त्याच्यावरच! अशा वेळी दुसरी हार्ड डिस्क बसवून तिच्यावर लिनक्स टाकणे हा स्वस्तातला मार्ग आहे. इंटरनेट फक्त लिनक्समधून. विंडोज चालू असताना नेटवर्कची केबल काढलेली.

आधी बॅकअप घ्यावा. लिनक्स टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी, नाहीतर बूटलोडर तिच्यावरच जाऊन बसू शकतो आणि पुढे ती डिस्क बिघडली की नवीही सुरू होत नाही. नंतर कोणती डिस्क चालवायची ते बूट मेनूतून निवडता येते.

खरी गोम घड्याळात आहे. संगणकातल्या घड्याळाची वेळ विंडोज स्थानिक समजते, तर लिनक्स सहसा जागतिक. त्यामुळे लिनक्समधून परतल्यावर विंडोज साडेपाच तास मागे पडते. गेम खेळणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. पण हार्ट अटॅकच्या संशयात ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने पुन्हा तपासून दोन आकड्यांतला फरक पाहतात. तिथे रिपोर्टवरची वेळ चुकली तर निदानच चुकू शकते. लिनक्सलाही स्थानिक वेळ धरायला लावणारी एका ओळीची आज्ञा आहे. ती देऊन दोन्हीकडची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहावी, मगच पहिला नमुना लावावा.